नव्व्याण्णव सेंटिमीटरची लेक

माझ्या मुलीचे पाय दीड सेंटिमीटरने आखूड आहेत, हा शोध मी एका रविवारी सकाळी लावला. (मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. पहिलाच धडा : मापन!)

सायलीला हवाई दलाच्या वैमानिक निवडीचं बोलावणं आलं होतं. हिंदी मुलखातल्या अधारतालच्या आमच्या घरात कुणाचेच पाय जमिनीला टेकत नव्हते! लहानपणापासून पोरीला एकच वेड, विमान. आणि तिथला नियम असा, की भिंतीला पाठ लावून, पाय पसरून बसलं की भिंतीपासून टाचेपर्यंत निदान नव्व्याण्णव सेंटिमीटर भरले पाहिजेत. मी बायकोच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि मोजलं. साडेसत्त्याण्णव!

"परत मोजा ना, पप्पा!"

तीनदा मोजलं. तेच.

"अब क्या?" तिचे डोळे भरून आले.

"अब विज्ञान!" मी गरजलो. "लटकायचं! गुरुत्वाकर्षण पाय खाली ओढेल."

चार दिवस पोर गच्चीवर कपडे वाळवायच्या पाइपला लोंबकळत होती. खालून बायको ओरडायची, "अहो, काहून तिला टांगून राहिले? हात निखळतील तिचे!" रोज मोजायचो, साडेसत्त्याण्णव ढिम्म हलेना. पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं, हिची लटकण्याची पद्धतच चुकते आहे.

"हो बाजूला. बघ, असं!"

उडी मारून पाइप धरला, पाय ताठ केले, एक झोका घेतला... पाइप जागचा हलला नाही. माझी कंबर हलली!

ई-रिक्षात आडवं घालून मला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. "सर, ये हुआ कैसे?" सायलीनं सगळं सांगितलं. डॉक्टर पोट धरून हसले, मग तिला भिंतीशी बसवून स्टीलची टेप लावली.

"पूरे सौ! बेटा, तुम तो पास हो!"

सायली तिथेच नाचायला लागली. बायकोनं माझ्या खिशातली टेप ओढून स्टीलच्या टेपेशेजारी धरली. वर्षानुवर्षं ताणून ताणून ती इतकी लांबली होती, की तिच्यावरचे साडेसत्त्याण्णव म्हणजे खरे शंभर!

"तरीच! तुमचे पायजमे एवढे लांब काहून होऊन राहिले म्हणते मी!"

सायलीची निवड झाली. बातमी ऐकून मी आनंदानं ढसाढसा रडलो. (आडवा पडूनच.) ज्या आठवड्यात ती आकाशात उडायला योग्य ठरली, त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मला स्कूटर चालवायला अयोग्य ठरवलं!