लांबलेलं प्रवचन

संत्र्याच्या सालीचा वास आला की मला हिंगणघाटच्या चर्चमधली माझ्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाची सकाळ आठवते. प्रसादाआधी तासभर काही खायचं नाही हे पाठ असूनही, मिस्साची प्रार्थना सुरू होता होता मी पांढऱ्या फ्रॉकमध्ये चर्चमागे उभी राहून अख्खं संत्रं खाल्लं, आणि मग रडतच फादरांकडे गेले. "आता मले प्रसाद नाई भेटणार का?" फादरांनी घड्याळ पाहिलं. "कवा खाल्लं?" "आत्ताच." "मंग जाऊन बस. रडू नको." त्या दिवशी त्यांचं दहा मिनिटांचं प्रवचन काही केल्या संपेना. लोक चुळबुळ करू लागले, पेटी वाजवणारे काका तर चक्क घोरले. शेवटी तास भरला तसे फादर थांबले, आणि माझ्या जिभेवर प्रसाद ठेवताना हळूच हसले. पुढे प्रवचनं पुष्कळ ऐकली. माझ्या एकटीच्या भुकेसाठी केलेलं तेवढं एकच.