सरांच्या कथेतले पेरू

सर गेल्याचा फोन बोरीहून आला, तेव्हा मी परभणीत ऑफिसातलं आवक-जावक रजिस्टर लिहीत होते. रडू आलं नाही. पहिला विचार आला तो हा, की आता खरं-खोटं कुणाला विचारायचं? महिना उलटला तरी हे लिहिताना लाज वाटते... पण माझा स्वभावच संशयी. अन् लिहिताना स्वतःला पाठीशी घालायचं नाही, हे सरांनीच शिकवलेलं.

नामदेव सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले कथाकार. त्यांची शिकवायची तऱ्हाच न्यारी. रविवारी मी एसटीनं बोरीला त्यांच्या घरी कथा घेऊन जायची, तर ते कागद काढून उशीखाली ठेवायचे अन् म्हणायचे, "आता तोंडानं सांग. जे आठवत न्हाई ते कथेत नको." सांगता सांगता कथा निम्मी व्हायची, अन् मेली सुधारायचीही! कागद मात्र पुढच्या रविवारीच परत मिळायचे. परतीच्या एसटीत तेच डोक्यात फिरायचं. आठवडाभर यांना माझे कागद कशाला लागतात? कथा कुठं पाठवू म्हटलं, की उत्तर ठरलेलं, "छापायची एवढी काय गडबड? मुरू दे." मुरू दे, पण कुणासाठी?

शेवटी जे वाटत होतं तेच झालं. मी त्यांना एका आईची कथा सांगितली होती. ती दर सोमवारी शहरातल्या लेकीला डबा घेऊन जाते, लेक दार उघडत नाही, आई स्टँडवर बसून स्वतःच डबा खाते अन् गावात सांगते, पोरीनं पोटभर खाल्लं. त्याच वर्षी एका दिवाळी अंकात सरांची कथा आली. आईच्या जागी बाप, लेकीच्या जागी मुलगा, डब्याऐवजी पेरू. बाकी सगळं तेच. मी फोन केला. "सर, पेरू गोड होते का?" पलीकडून म्हणाले, "जेवलीस का?" मी फोन ठेवून दिला. चार वर्षं बोरीची एसटी धरली नाही. या काळात माझी दोन पुस्तकं आली, ती त्यांना पाठवली नाहीत. जिरवायची होती ना!

परवा काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, भेटायला गेले. त्या ओसरीत शेंगा फोडत होत्या. तिथंही माझी नजर सरांच्या कपाटाकडंच. काकूंच्या ते ध्यानात आलं असावं.

"लिव्हलेलं सगळं मला वाचून दाखवायचे," त्या म्हणाल्या. "ती पेरूची तेवढी न्हाई दाखवली. मीच म्हनलं, वाचा की. तर म्हनले, ती माझी न्हाई... तवापासून एक ओळ लिव्हली न्हाई बघ त्यांनी."

म्हणजे मी खरी ठरले. चार वर्षं हेच तर ऐकायचं होतं! पण आता त्याचं करायचं काय? अहो, घेतली तर घेतली कथा. एक काय, चार घ्यायच्या होत्या. माझ्या दोन्ही पुस्तकांतली एकही कथा मी तोंडानं कुणाला सांगितली नाही, अन् त्यांत कुठं काय सैल पडलंय, ते मला आजही कळत नाही.

"आणलीस का काही?" काकूंनी विचारलं.

आणली होती. नवी होती, पर्समध्ये. मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले. काकूंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं, पदराला हात पुसले.

"सांग की बाई," त्या म्हणाल्या. "भिऊ नको. मला लिव्हायला येत न्हाई."