झाकणाखालचा आवाज

सुर्वेबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी खराडीच्या ऑफिसात होते. त्यांच्या शेजारच्या काकू बोलत होत्या. "अगं, बाई गेल्या. सकाळी पेपर वाचता वाचता मान टाकली. चहा अर्धा तसाच राहिला होता." मी येते म्हणाले आणि फोन ठेवला. वैकुंठ स्मशानात नातेवाईक असे नव्हतेच. बाईंनी लग्न केलं नव्हतं, भावंडं नव्हती. होतो त्या आम्ही, पेठेतल्या मुलींच्या शाळेत त्यांच्या हाताखालून गेलेल्या आणि आता केस पिकलेल्या मुली.

बाई आम्हाला इंग्रजी शिकवायच्या. आवाज बारीक आणि जीभ धारदार. उशिरा आलेल्या मुलीला म्हणायच्या, "आपण आलात, वर्ग धन्य झाला. आता बसा." नववीत आम्हाला समुद्रावरच्या लढाईची एक कविता होती. तिच्यातला जखमी खलाशी मरताना राजाचा जयजयकार करतो. बाईंनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "खरं काय होतं ते सांगू?" मग त्यांनी सांगितलं. ब्रिटिशांच्या छोट्या युद्धनौकांचा पत्रा किती पातळ असायचा, वेग हवा म्हणून चिलखत कसं कमी केलेलं असायचं. बॉम्ब जवळ पाण्यात पडला तरी तो पत्रा उसवायचा आणि आतल्या लोखंडाच्याच सुऱ्या व्हायच्या. नळी फुटली की उकळती वाफ सुटायची. "ती वाफ डोळ्यांना दिसत नाही," बाई म्हणाल्या. "माणूस चालत तिच्यात शिरतो आणि हाताची कातडी मोज्यासारखी उतरते." पहिल्या बाकावरची मुलगी तिथेच ओकली. दुसऱ्या दिवशी पालक आले आणि मुख्याध्यापिकांनी बाईंना बोलावलं. बाई म्हणाल्या, "मी पुस्तकाबाहेरचं शिकवलं, कबूल. त्यात चूक काय होती तेवढं सांगा." 

त्यांचे वडील तसल्याच एका जहाजावर वारले, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं. दाभोळच्या खाडीकाठचा माणूस. नौदलात भरती झाला आणि बॉयलर खोलीत कामाला लागला. जहाज ब्रिटनच्या गोदीत बांधलेलं, वर अधिकारी गोरे, खाली खलाशी आपले. बाईंचा जन्म झाला तेव्हा ते समुद्रावर होते. लेकीचं तोंड त्यांनी पाहिलंच नाही. ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याजवळ जपानी विमानांनी जहाज गाठलं. घरी छापील पत्र आलं, त्यात मरण तत्काळ आलं, यातना झाल्या नाहीत असं लिहिलं होतं. त्यांची आई पोरीला काखेत घेऊन पुण्याला आली आणि एका इस्पितळात आया म्हणून राहिली.

मुलगी मोठी झाली, शिकली, आणि त्या जहाजांच्या मागे लागली. युद्धातल्या ब्रिटिश नौकांवरचं मिळेल ते पुस्तक त्यांनी वाचलं. मालवाहू जहाजांच्या तांड्यांना राखत कोणती नौका अटलांटिकच्या बर्फात गेली, कोणती मधोमध मोडून दोन तुकड्यांत बुडाली, कोणत्या नौकेच्या पेटलेल्या तेलात पोहणारी माणसं होरपळली, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. पण चिडून म्हणायच्या, "या पुस्तकांत तोफेची लांबी मिळते, कप्तानाच्या कुत्र्याचं नाव मिळतं. बॉयलर खोलीतला माणूस मिळत नाही." म्हणून त्यांनी इंग्लंडमधल्या जुन्या नौसैनिकांचे पत्ते काढून पत्रं पाठवायला सुरुवात केली. बरीच वर्षं काही निष्पन्न झालं नाही. मग एकाचं उत्तर आलं. तो त्याच जहाजावर तरुण अधिकारी होता, भारत बघायला येणार होता आणि एक दिवस पुण्यात मुक्काम होता.

मी तेव्हा कॉलेजात होते. बाई म्हणाल्या, "तुझ्याकडे स्कूटर आहे ना? मला कँपात सोड. आत आलीस तरी चालेल, पण मध्ये बोलू नकोस."

हॉटेलच्या बागेत तो म्हातारा काठी टेकून उभाच होता. उंच, वाकलेला, उन्हाने लाल झालेला. बोलणं इंग्रजीत झालं, पण ते माझ्या डोक्यात मराठीतच उरलं आहे. त्याने हवापाण्याचं काही काढलं. बाई म्हणाल्या, "माझे वडील बॉयलर खोलीत होते. ते तत्काळ गेले का?"

तो खुर्चीत बसला. "नाही," म्हणाला.

बॉम्ब जहाजाच्या कुशीला लागून फुटला होता. बॉयलर खोलीत पाणी आणि वाफ एकदमच शिरली. शिडीने दोघे वर आले, त्यांच्या चेहऱ्यांवर ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांच्यामागून पाणी चढत होतं. ते पुढच्या कप्प्यात गेलं असतं तर जहाज कलंडलं असतं. कप्तानाचा हुकूम आला, झाकण लावा. शिडीच्या तोंडावरचं ते जाड लोखंडी झाकण या अधिकाऱ्याने आणि एका पंजाबी खलाशाने मिळून लावलं आणि त्याचे खटके आवळले. खालून ठोकायला सुरुवात झाली. आधी मुठींनी, मग कसल्यातरी लोखंडाने. वरच्या माणसांपैकी एकाने खटक्याला हात घातला, तेव्हा याने त्याच्या तोंडावर पिस्तुलाचा दस्ता मारला. त्याचे दात पडले.

"खालून ओरडत होते," तो म्हणाला. "'खोलो' मला कळायचं, आम्हाला हिंदुस्तानी शिकवली होती. पण एक आवाज वेगळाच शब्द म्हणत होता. पुन्हा पुन्हा तोच. बाकीचे थांबले तरी तो चालू होता." मग त्याने तो शब्द उच्चारला. उच्चार मोडका होता, पण कळायला अडचण नव्हती. *उघडा.*

"याचा अर्थ काय?" त्याने विचारलं.

मला वाटलं, बाई आता काहीतरी दुसरं सांगतील. देवाचं नाव आहे म्हणतील. बाईंनी अर्थ सांगितला.

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला.

"किती वेळ चाललं?"

"फार नाही."

"साहेब, खरं सांगा."

त्याने मान वर केली. "आमच्यावर विमानं पुन्हा येऊन गेली. आम्ही आगी विझवल्या. तरी चालू होतं." जहाज ओढत बंदरात नेलं, पाणी उपसलं आणि आत पहिल्यांदा त्यालाच उतरावं लागलं. झाकणाच्या आतल्या बाजूचा रंग खरवडून निघाला होता. शिडीवर माणसं एकमेकांत अडकलेली होती, आणि सोडवताना... पुढचं त्याने सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही.

निघताना तो म्हणाला, "मी उघडायला हवं होतं असं तुम्हाला वाटतं?"

"नाही. वरची सगळी माणसं मेली असती. तुम्ही केलंत ते बरोबर होतं." बाईंचा आवाज वर्गातल्यासारखाच कोरडा होता. "पण क्षमा मागू नका. ती आतल्या माणसांनी करायची. मी बाहेरची."

स्कूटरवर मागे बसल्यावर त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. मला लागेल याचंही भान न राहता त्यांनी तो आवळला होता. लकडी पुलावर त्या एवढंच म्हणाल्या, "आईला यातलं काही सांगायचं नाही. ती पत्रावर जगली आहे."

घरी त्यांची आई कॉटवर लसूण सोलत बसली होती. तिने विचारलं, "काय म्हणाला साहेब?"

"पत्रात होतं तेच. क्षणात गेले."

म्हातारी लसूण सोलत राहिली. मग म्हणाली, "विजू, मी जन्मभर इस्पितळात आया होते. क्षणात गेला असं घरच्यांना सांगायला मला कितीतरी वेळा पाठवलंय. ओरडत होते का ते?"

बाई उभ्या होत्या त्या खाली फरशीवर बसल्या. "हो."

"काय ओरडत होते?"

बाईंनी तो शब्द सांगितला. त्या माणसाने म्हटला तसा, तुटकतुटक. म्हातारीने डोळे मिटले. मला वाटलं, आता ती कोसळते. ती म्हणाली, "त्यांचा आवाज मला आठवतच नव्हता गं. चेहरा होता, आवाज गेला होता. रात्रंदिवस आठवायची, यायचाच नाही." आणि मग, "आत्ता आला."

त्या दिवशी पहिल्यांदा मी बाईंना रडताना पाहिलं. आवाज न करता, लसणाच्या सालीवर हात ठेवून.

त्यानंतर आजी, म्हणजे बाईंची आई, बोलायला लागली. आधी कधीच नवऱ्याबद्दल बोलत नसे, ती आता रोज काही ना काही सांगायची. ते सुट्टीवर आले की खाडीवर जाऊन मासळी आणायचे, स्वतः साफ करायचे, बांगड्याला चिरा देऊन त्यात कोकमाचं आगळ आणि ठेचलेला लसूण भरून मंद भाजायचे, आणि बेसूर गायचे. बाई ते सगळं ऐकायच्या. जहाजांची पुस्तकं त्यांनी टाकली नाहीत, पण नवीन आणली नाहीत. आजी गेल्यावरही दर रविवारी त्या मंडईमागून बांगडे आणायच्या आणि वडील भाजायचे तसे भाजायच्या. इमारतीतले लोक खिडक्या लावून घ्यायचे. एकाने सोसायटीच्या बैठकीत तक्रार केली तेव्हा बाई म्हणाल्या, "वास येतो हे खरं आहे. आपण जेवायलाच या."

गेल्या रविवारी मी त्यांचा फ्लॅट आवरायला गेले. कपाटं रिकामी केली, पुस्तकं ग्रंथालयासाठी बांधून ठेवली. स्वयंपाकघराचा पडदा काढून पिशवीत भरताना त्याला बांगड्याचा आणि लसणाचा वास आला. मी तो परत दांडीवर चढवला आणि ओट्याशी उभी राहिले.