मागं कोणीच नव्हतं

गांधीबागेच्या कापडबाजारातल्या बोळात रिव्हर्स येणाऱ्या ट्रकनं माझ्या मायचा पाय चेपला. फॉल-पिकोसाठी साड्या आणायला गेली होती बिचारी. दवाखान्यात तिला तशी पाहिली आणि माझं डोकंच फिरलं. त्या ड्रायव्हरला जेलात सडवल्याशिवाय राहत नाही, असं मी अख्ख्या वॉर्डासमोर ओरडून सांगितलं.

नुकसानभरपाईचा दावा कोर्टात उभा राहिला. ट्रकमालकानं सरळ हात झटकले. म्हणे, मी सोबत क्लीनर दिला होता, चूक ड्रायव्हरची. ड्रायव्हर खाली मान घालून गप्प. मालकाविरुद्ध बोलला की नोकरी गेली, आणि नाही बोलला की सगळं त्याच्या एकट्याच्या माथी. आमचे वकील मायला म्हणाले, "काकू, गाडी जोरात आली एवढंच सांगा. बाकी मी पाहतो."

"जोरात कुठं? रांगत आली ना!"

"तू काहून त्याची बाजू घेऊन राहिली वं माय?" मी भडकले.

"बाजू कोण घेते? पाय माहा मोडला, तुहा नाही. झालं तेच सांगीन मी."

साक्षीच्या दिवशी तिला बसायला खुर्ची दिली. मालकाच्या वकिलानं विचारलं, "ड्रायव्हरनं मागे पाहिलं नाही म्हणूनच हे झालं ना?"

"त्यानं उतरून पाहाले पाहिजे होतं, हे खरंच हाये," माय म्हणाली. "पण त्या बोळात गाडी मागं घेताना एक माणूस मागं उभा राहते. गाडीवर थापा मारते, 'आन दो, आन दो' ओरडते. त्या दिवशी मागं कोणीच नव्हतं. असता तर त्याले मी दिसली नसती का? कुठं होता तो क्लीनर, मालकाले पुसा ना!"

मग जजसाहेबांनी ड्रायव्हरला उभं केलं. त्यानं मान वर केली. "क्लीनर नव्हता साहेब. मालकानं काढून टाकला होता."

निकालात ड्रायव्हरची चूक लिहिली गेली, पण मालकालाही सुटता आलं नाही. मला मायचा इतका अभिमान वाटला की भर कोर्टात रडू फुटलं.

बाहेर ड्रायव्हर आला. सरळ मायच्या पाया पडायला वाकला.

माय कळवळून ओरडली, "अगा, तो नको ना बाप्पा! दुसरा धर. तो अजून दुखते!"