कोरफड, गाढवं आणि बाबांचं पोहणं

घर घेताना आमच्यात जेवढे आवाज चढले नव्हते, तेवढे सहली निवडताना चढले. नेदरलँड्समधल्या फोरबर्गचं हे घर बघायला आलो तेव्हा नवऱ्याने भिंतीवर दोनदा टकटक केलं, मी स्वयंपाकघर पाहिलं आणि आम्ही हो म्हणून मोकळे झालो. कॅरिबियन क्रूझवर कुठल्या बेटावर उतरून काय करायचं, हे ठरवायला मात्र जानेवारीतले सगळे रविवार गेले. बाहेर दुपार संपायच्या आत अंधारून यायचं. टेबलावर लॅपटॉप, चहाचे कप, आणि भोवती आम्ही चौघं: मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि सांगलीहून आलेले बाबा.

बाबांना जाऊन आता दोन वर्षं होतील. सांगलीतच गेले, झोपेत, आणि मी इथे होते. त्यांची आठवण आली की मला बहुतेक वेळा तेच रविवार आठवतात, आणि आमची ती फालतू भांडणं परत व्हावीत असं फार वाटतं.

आई आधीच गेली होती. त्यानंतर बाबांच्या हृदयात स्टेंट बसवावा लागला, आणि थंडी असो की काही असो, असं म्हणत मी त्यांना इकडे आणलं. क्रूझही माझीच कल्पना. ऊन मिळेल, चालणं होईल, आणि चोवीस तास माणूस नजरेसमोर. एक गोष्ट मी पक्की ठरवून टाकली होती: बाबांनी पाण्यात उतरायचं नाही. मी ऑफिसात प्रोजेक्ट सांभाळते. निर्णय आधी घ्यायचा आणि मग मीटिंग बोलवायची, ही सवय घरीही सुटत नाही.

त्यामुळे बाबांसाठी मी बिनपाण्याच्या सहली शोधून ठेवल्या होत्या. अरुबाला कोरफडीचा कारखाना. बाबा म्हणाले, कोरफड आपल्या गॅलरीत कुंडीत आहे, तिला अजून कुणी तिकीट लावलेलं नाही. बोनेअरला गाढवांसाठी राखलेलं मोठं रान. गाढवं त्यांनी बँकेच्या हेड ऑफिसात पोटभर पाहिली होती. मग मी क्युरासाओ बेटाच्या आतल्या भागातली बसची सफर दाखवली. फोटोत निवडुंग, शेळ्या आणि लाल माती. बाबांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "हे जतसारखं दिसतंय की. जतला जायला बोट कशाला?" नवरा खो खो हसला. त्या माणसाला कधी कुणाच्या बाजूने उभं राहायचं ते कळलेलं नाही.

लेकीला तिन्ही बेटांवर स्नॉर्कलिंगच हवं होतं, म्हणजे तोंडात नळी धरून, पाण्यावर पालथं तरंगत मासे बघणं. ती आजोबांच्या शेजारी बसून त्यांना व्हिडिओ दाखवायची: निळे मासे, पिवळे मासे, मेंदूसारखी प्रवाळं. ती इंग्रजीत सांगायची, ते मराठीत विचारायचे आणि दोघांचं छान चालायचं. व्हिडिओ चालू असताना मात्र बाबांची नजर पडद्यावरून हलत नसे. मला ते दिसत होतं, आणि दिसत नसल्यासारखं करून मी पुढची सहल उघडत होते.

बाबा रोज सकाळी कृष्णेत पोहणारे. थंडीतही चुकवायचे नाहीत. परत येताना केस ओले, खांद्यावर पंचा आणि सगळ्या जगाशी गोडीगुलाबी. स्टेंटनंतर नदी बंद झाली. बंद झाली म्हणजे मी केली, फोनवरून. मला स्वतःला पोहता येत नाही. लहानपणी पाण्यात नेलं की मी इतका आकांत करायचे की बाबांनी शेवटी नाद सोडला. इथे लेकीच्या पोहण्याच्या परीक्षा झाल्या तेव्हाही मी काठावरच्या बाकावर टॉवेल घेऊन बसले होते.

शेवटी मी त्यांना इथल्या आमच्या फॅमिली डॉक्टरकडे नेलं. बाई नाही म्हणतील आणि वाईटपणा त्यांच्या माथी जाईल, हा माझा हिशेब. इथले डॉक्टर पॅरासिटॅमॉलच्या पुढे जात नाहीत म्हणून आपण सगळेच कुरकुरतो, पण नाही म्हणायला तरी त्या उपयोगी पडतील असं वाटलं. सांगलीचे रिपोर्ट त्यांनी नीट वाचले. मला मनसोक्त बोलू दिलं. मग खुर्ची बाबांकडे वळवली आणि त्यांनाच विचारलं, तुम्हाला काय हवंय?

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या बँकेतल्या इंग्रजीत त्यांना सांगितलं की काही नको, फक्त पाण्यात पडून राहायचंय.

बाईंनी त्यांना सावकाश तपासलं. समुद्र शांत असला, सोबत कुणी असलं, बोटीतून उडी मारायची नाही आणि धाप लागली की लगेच बाहेर यायचं, एवढं पाळलं तर खुशाल जा, म्हणाल्या. परतीच्या ट्राममध्ये मी फुगून बसले होते. बाबा खिडकीतून कालवे बघत होते. एवढं पाणी आणि आत एक माणूस नाही, असं पुटपुटले. जानेवारी आहे, बाबा, मी म्हणाले. मग ते माझ्याकडे न बघताच बोलले.

"तुला भीती वाटते, ते कळतं मला. पण ती तुझी भीती आहे. मी किती दिवस सांभाळायची?"

मला इतका राग आला की आमचा स्टॉप आला हेही कळलं नाही.

त्या रविवारी मी सगळं नव्याने मांडलं. आता माझा हट्ट एकच, किनारा मी निवडणार. वाऱ्याच्या बाजूचे सगळे बाद, तिथे लाटा आपटतात. बोटीने नेणारे बाद. दगडगोट्यांचे बाद, बाबांचे गुडघे. उरला क्युरासाओचा एक छोटा किनारा, दोन कड्यांच्या मधला, वाळूवरून चालत पाण्यात जाता येईल असा. पाण्यात लेक त्यांच्या सोबत राहील, नवरा काठावर. लेकीने आजोबांसाठी द हेगमधून अननसांची चित्रं असलेली चड्डी आणली. सांगलीत ही घालून निघालो तर लोक वर्गणी काढून उपचार करतील, बाबा म्हणाले. पण घातली.

अरुबाला त्यांनी कोरफडीचा कारखाना मुकाट्याने पाहिला. क्युरासाओ डचांचंच जुनं बेट; तिथे बसच्या ड्रायव्हरने डचमध्ये सुप्रभात केलं, आणि अंगावर कोट नसताना ती भाषा ऐकून मला गंमत वाटली. किनारा फोटोतल्यासारखाच निघाला. पाणी इतकं स्वच्छ की तळाच्या वाळूवर आपली सावली दिसायची. बाबांनी डोळ्यांवर मास्क चढवला, तोंडात नळी धरली आणि चालू लागले. पाणी कमरेला लागलं आणि त्यांची सगळी कुरकुर थांबली. दोन हात मारले आणि ते सरळ तिशीतले झाले. लेक त्यांच्याजवळ होती. मी गुडघाभर पाण्यात, अंगात कुर्ता, नवरा मागे सावलीत.

थोड्या वेळाने लेक एका माशामागे जराशी पुढे गेली. बाबा होते तिथेच होते, पालथे, हात पसरलेले. हलत नव्हते.

मी हाक मारली. पुन्हा मारली. पाठ पाण्यावर तशीच. मग मी धावत सुटले. पाणी पोटाला लागलं, छातीला लागलं, आणि मी ओरडत त्यांचा खांदा धरून त्यांना वर ओढलं. बाबा दचकून वळले, नळी काढली, खोकले. मी पाय खाली टेकायला गेले तर खाली काहीच नव्हतं. दोन्ही हातांनी मी त्यांच्या गळ्याला मिठी मारली.

"आई, ही इज फाइन," लेक लांबून म्हणाली. "ही इज जस्ट लुकिंग."

"सोड," बाबा म्हणाले. आवाज अगदी शांत, नळाचं पाणी बंद कर म्हणावं तसा. "मला श्वास घेऊ दे. तुझ्या मागे हातभरावर वाळू आहे."

मी सोडलं. सोडताना जिवाच्या आकांताने स्वतःला मागे फेकलं, आणि खरंच पायाला वाळू लागली. नाकातोंडात खारं पाणी. मी रडत होते, आणि ते लपवायची गरज पडली नाही.

बाबांनी मास्क काढून खळबळून धुतला. खाली कासव होतं, ते म्हणाले, शेवाळ खात होतं. हललो असतो तर गेलं असतं. मग मास्क पुन्हा डोळ्यांवर नेता नेता थांबले आणि माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात त्यांनी मला कधी कशाची परवानगी मागितली नव्हती.

"जाऊ परत?"

"जा, बाबा," मी म्हणाले.

ते पालथे झाले, हात पसरले आणि हलेनासे झाले. मी गळ्यापर्यंत पाण्यात, त्यांच्या पाठीकडे बघत, तोंड मिटून उभी राहिले.