दोन पायांची गाय

सिद्धप्पा सरांनी आयुष्यात दारूचा थेंबही चाखला नव्हता, पण दारूबंदीवर ते न थांबता दोन तास बोलू शकत. हायस्कुलात एकतीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांना अमेरिकेतल्या दारूबंदीचं वेडच लागलं होतं. १९२० साली त्या अख्ख्या देशात दारू बंद झाली आणि बंदी तेरा वर्षं चालली, हे ते नवी पेठेत सदऱ्याचं कापड घेताना दुकानदाराला सांगत, बारशात पाळण्याशेजारी उभं राहून सांगत. एकदा तर दाढ काढताना तोंडात कापूस असूनही त्यांनी डॉक्टरांना सांगायला सुरुवात केली. सोलापुरातले ओळखीचे लोक त्यांना लांबून पाहूनच बोळात शिरत. घरात त्यांच्या पत्नी रुद्राणीबाई "साकु", म्हणजे पुरे, एवढ्या एका कानडी शब्दात विषय मिटवत.

त्यामुळे वैरागकडच्या एका गावातून केराबाई त्यांना शोधत आल्या, तेव्हा सरांना काय करू नि काय नको असं झालं. केराबाई तिथल्या बचत गटाच्या प्रमुख. गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून बायकांनी अर्ज दिला होता आणि आठ दिवसांवर मतदान आलं होतं. सगळ्याजणींनी आडव्या बाटलीवर, म्हणजे बंदीच्या बाजूनं, शिक्का मारावा, म्हणून कुणी शिकलेल्या माणसानं चार शब्द सांगावेत, एवढीच त्यांची मागणी होती.

निघताना रुद्राणीबाईंनी बजावलं, "अहो, बंदी कशी आणली तेवढंच सांगा. पळवाटा सांगत बसू नका."

गावातल्या शाळेपुढं सभा भरली. पहिली पंधरा मिनिटं सर शहाण्यासारखं बोलले. अमेरिकेतल्या बायका गुत्त्यासमोर बसून प्रार्थना करत, एकीनं तर कुऱ्हाड घेऊन गुत्ते फोडले, हे ऐकून पुढं बसलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मागं पारावर बसलेले पुरुष जांभया देत होते. मग सरांची गाडी घसरली. तिथं सुकवलेल्या द्राक्षरसाची वीट विकायला यायची, असं त्यांनी सांगितलं. वर सूचना छापलेली असायची, की ही वीट पाण्यात घालून वीस दिवस कपाटात ठेवू नये, नाहीतर वाइन होईल.

पारावरच्या जांभया थांबल्या. सिदू सुतार कधी कुठल्या सभेत शेवटपर्यंत बसलेला नव्हता, तो उठून तीन रांगा पुढं आला आणि किती दिवस म्हणालात, असं त्यानं अदबीनं विचारलं. सर खुलले. दारू गाळणारे लोक बुटाच्या तळाला लाकडी खूर लावून चालत, म्हणजे पोलिसांना वाटावं गाय गेली, हेही त्यांनी सांगून टाकलं.

सिदूनं विचारलं, "सर, खूर खिळ्यानं मारायचा का पट्ट्यानं बांदायचा?"

एकतीस वर्षांत कुठल्याही विद्यार्थ्यानं सरांना इतका चांगला प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी शाळेतला फळा मागवून त्यावर आकृती काढून दाखवली. आकृतीतल्या पट्ट्याला बक्कल काढत असतानाच केराबाईंनी त्यांच्या हातातला माईक काढून घेतला. १९३३ साली बंदी उठली, हे सांगायचं राहूनच गेलं.

तरी मतदानात बाटली आडवी झाली आणि दुकान बंद पडलं. पिणारे आता शेजारच्या गावाकडं वळले, म्हणून संध्याकाळी बायका पाळीपाळीनं तिकडं जाणाऱ्या पाणंदीच्या तोंडाशी बसू लागल्या. महिन्याभरानं सरांना केराबाईंचा फोन आला.

"सर, तुमची गाय हितं आलीय. येऊन वळकून जावा."

सर सकाळच्या एसटीनं गेले. उसाचं पाणी पाणंदीवर येऊन चिखल झाला होता, आणि त्यात खुरांचे ठसे होते, पण फक्त दोन पायांचे. ही गाय मागच्या दोनच पायांवर चालते, जाताना सरळ जाते आणि येताना लई वाकडी येते, असं केराबाईंनी शांतपणे दाखवून दिलं. ठसे सिदूच्या दारात संपत होते. सिदू उंबऱ्यावर बसला होता. घोटा भोपळ्याएवढा सुजलेला. खूर चांगले वीतभर उंच, त्यात पोटात दारू, त्यामुळे तो उसात पडला होता आणि बाटलीही फुटली होती.

सरांनी रागवावं म्हणून केराबाईंनी त्यांना बोलावलं होतं. पण सरांनी खूर उचलला, उलटा करून पाहिला. पट्टा हुबेहूब आकृतीत होता तसा. आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बंदी कोणत्या साली?"

"एकोणीसशे वीस. जानेवारीत," सिदू म्हणाला.

सरांचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा पुसला आणि शिकलेल्या गोष्टीचा असा उपयोग करू नये, असं ते कडक आवाजात म्हणाले, पण ते ऐकताना प्रगतिपुस्तकावरच्या शेऱ्यासारखं वाटलं. सिदूला त्यामुळं धीर आला.

"सर, त्या दिशी अर्दंच राहिलं की. तितं आजून बंदीच हाय, का उटली?"

१९३३ सरांच्या जिभेवर आलं होतं. केराबाई त्यांच्याकडं एकटक बघत होत्या, आणि दुसरा खूर बाईंच्या हातात होता.

"ते पुढच्या इयत्तेला आहे," सर म्हणाले.

केराबाईंनी मग दोन्ही खूर सिदूच्याच चुलीत सारले आणि वर चहाचं आधण ठेवलं. बाभळीचं वाळकं लाकूड, जाळ झकास लागला. सिदूनंही कपभर घेतला.