पाणाड्याच्या तारा

आमच्या गोरेगावच्या बाजूला विहिरीची जागा बघायला सगळे एकाच पाणाड्याला बोलावतात. बांधावर आला की तो आधी चपला काढतो, मग हातातलं घड्याळ सोडून शेताच्या मालकाकडे देतो आणि पितळेच्या दोन वाकवलेल्या तारा मुठींत धरून चालू लागतो. तारा हलल्या की म्हणतो, "येऊन राहिलं, येऊन राहिलं," जशी काही सेनगावची जीपच वळणावर दिसली. तारा एकमेकींवर आडव्या आल्या की जागच्या जागी टाच रोवतो. "बराबर इथंच. न्हाई लागलं तर तारा मोडून फेकतो."

माझ्या शेतातही त्यानं अशीच टाच रोवली. पोकलेन मशीन लावली. खालून नुसता काळा दगड निघत होता, माझा जीव टांगणीला, आणि हा काठावर निवांत. "लागते हो. काहून घाबरता?"

तेवढ्यात ओला मुरूम वर आला आणि मागोमाग खडकाच्या फटीतून पाणी उसळलं!

सगळ्यांच्या आधी तोच ओरडला, "आलं! अरे, खरंच आलं!" चपलांसकट उतारावरून खाली पळाला, चिखलात नाचला, गढूळ पाणी ओंजळीनं माझ्या अंगावर उडवलं. मीही नाचलो. पण त्याचं ते "खरंच" काही माझ्या कानातून जाईना.

त्याच पाण्यात पाय धुताना तो हळूच म्हणाला, "भाऊ, मी ओरडलो ते गावात सांगू नका."